कॉलेजची दोन मुलं अपघातात गेली. समुपदेशक बोलावून सगळ्यांना हॉलमध्ये बसवावं का?

नका बसवू. तीनशे पोरांसमोर कुणी मन मोकळं करत नाही. घटनेनंतर लगेच 'काय पाहिलं, काय वाटलं' असं वदवून घेऊ नये, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ साली सांगितलंय.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. बी.ए.ची एक मुलगी काळी-पिवळी जीप उलटून वारली. दोन मिनिटं श्रद्धांजली, एक दिवस सुट्टी अन् तिसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा. मी म्हणालो, पुढे ढकला. प्राचार्य म्हणाले, अभ्यासाला लागली की विसरतील. तिच्यासोबत रोज येणाऱ्या दोघींनी जीपमध्ये बसायचंच सोडलं, तर कार्यालयाने हजेरी कमी म्हणून घरी पत्रं धाडली. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ला, तेव्हा मी सहावीत होतो. घर धड असूनही माझी आजी कित्येक महिने अंगणात झोपायची. तिला कुणी नाटकी म्हटलं नाही. मग या लेकरांनाच का?

महिन्याभराने पुस्तकं न दिलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली. चौथं नाव तिचं. कारकुनाने माझ्याच रजिस्टरवरून उतरवली होती, मी नजर टाकली नाही. ती चूक माझी. दोन दिवसांनी तिचे वडील आले. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वरून सुतळी. "सर, दंड किती झालाय?" म्हणत त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. राहू द्या, पुस्तकही तुमच्याकडेच ठेवा म्हणालो, पण ते टेबलावर ठेवून गेले.

म्हणून आधी कार्यालय सावरा. हजेरीपट, फीची बाकी, मोबाइलवरचे मेसेज, सगळीकडची ती दोन नावं आजच काढा. मित्रमैत्रिणींना हजेरीची अट लावू नका. एक खोली संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा. तिथं पोरांच्या विश्वासातलं एक माणूस रोज बसू द्या, पण त्याने खोदून विचारू नये. अपघाताचे फोटो ग्रुपवर फिरू देऊ नका.

तज्ज्ञ नकोच, असं माझं म्हणणं नाही. महिना उलटूनही झोप नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. कुणी मरणाची भाषा केली तर एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

आणि गेलेल्या मुलांच्या घरी प्राचार्यांनी स्वतः जावं, शिपायाच्या हाती पत्र देऊ नये. आमचे गेले नव्हते.