'दुसऱ्या'ने दिलेला चकवा

प्रश्न : आजोबांची डायरी मी आणि ताईने मिळून टाइप केली. एक फोल्डर माझ्या लॅपटॉपवर, दुसरा तिच्या पेनड्राइव्हवर. लिनक्सवर दोन्ही कसे ताडून पाहू?

उत्तर : टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'डिफ' (इंग्रजीत diff, फरक दाखवणारी आज्ञा) लिहा, जागा सोडून उणे चिन्ह, त्याला चिकटून लहान लिपीत आर आणि क्यू, मग दोन्ही फोल्डरांची नावं. आरमुळे आतले फोल्डरही तपासले जातात. क्यूमुळे कोणत्या फाइली वेगळ्या, एवढंच कळतं. उत्तरात 'ओन्ली इन' दिसलं म्हणजे फाइल एकाच बाजूला आहे. काहीच उमटलं नाही तर घाबरू नका, सगळं जुळलंय. १९७०च्या दशकात बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत जन्मलेली ही आज्ञा मितभाषी आहे!

मी मात्र एकदा चक्रावलो. ओळी डोळ्यांना हुबेहूब, तरी डिफ ऐकेना. माझ्या कीबोर्डने 'दुसऱ्या'तला र नुक्त्याच्या ऱपासून घडवला होता. मित्राच्या कीबोर्डने साध्या रला हलन्त आणि एक अदृश्य चिन्ह जोडून. डिफ रूप बघत नाही, बाइट म्हणजे अक्षरामागे साठवलेले आकडे बघतं. तासभर गेला.

ताईचं मशीन विंडोजचं असेल तर ओळीच्या शेवटी जादा चिन्ह येऊ शकतं. आणि फाइली साध्या टेक्स्टच्या ठेवा; वर्डच्या असतील तर क्यू काढला तरी 'वेगळ्या' याखेरीज उत्तर मिळणार नाही.