अत्याधुनिक, अद्ययावत, नावीन्यपूर्ण: कुठे काय लिहावे?

तासगावहून प्रश्न आला आहे. बेदाणा प्रतवारी केंद्राच्या माहितीपत्रकासाठी मथळा तयार केला आहे तो असा: 'सांगली जिल्ह्यातील सर्वात अत्याधुनिक, अद्यावत व नाविन्यपूर्ण बेदाणा प्रतवारी केंद्र'. तिन्ही शब्द एकत्र चालतील का, लेखन बरोबर आहे का आणि इंग्रजीतल्या 'कटिंग एज' व 'स्टेट ऑफ द आर्ट'ला मराठीत काय म्हणायचे, अशी विचारणा आहे.

आधी लेखन पाहू. 'अद्यावत' चूक, 'अद्ययावत' बरोबर. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. दोन्ही 'य' राहिलेच पाहिजेत. बोलताना त्यातला एक गिळला जातो आणि तोच उच्चार पुढे फलकावर उतरतो. 'नाविन्य'ही चूक. नवीनपासून शब्द होताना 'न'चा 'ना' होतो, 'वी' मात्र दीर्घच राहतो: नावीन्य. प्रवीणचे प्रावीण्य होते, तसेच. 'नावीन्यता' लिहू नये, कारण नावीन्य हे मुळातच भाववाचक नाम आहे, त्याला आणखी 'ता' लावायची गरज नाही. 'अत्याधुनिक' तुम्ही बरोबर लिहिले आहे, पण त्यातच 'अति' असल्यामुळे आधी 'सर्वात' लावता येत नाही. याच घरातला आणखी एक शब्द हमखास चुकतो: 'आधुनिकरण' नको, 'आधुनिकीकरण' लिहा.

आता अर्थ. तिन्ही शब्द नवेपणाचेच, पण प्रत्येकाचा नवेपणा वेगळ्या गोष्टीचा आहे.

'आधुनिक' हा काळाचा शब्द आहे. केशवसुतांना आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो आणि ते १९०५ साली वारले. म्हणजे आधुनिक म्हटलेली गोष्ट शंभर वर्षांहून जुनी असू शकते. जुन्या युगापासून वेगळी पडली, एवढेच त्यातून कळते. 'अर्वाचीन' त्याच्या जवळचा, पण तो इतिहासात आणि वाङ्मयात शोभतो. अर्वाचीन यंत्र कुणी म्हणत नाही.

'अद्ययावत' हा राखण्याचा शब्द. मतदार यादी अद्ययावत असते, सातबारा अद्ययावत करून घेतात, दुकानाची किंमतपत्रिका अद्ययावत ठेवावी लागते. आज अद्ययावत असलेली यादी सहा महिने कुणी हात लावला नाही तर अद्ययावत राहत नाही. ओळखायची सोपी खूण अशी: शब्दापुढे 'करणे' किंवा 'ठेवणे' लावून पाहा. सातबारा अद्ययावत करता येतो, अत्याधुनिक करता येत नाही. यंत्रसामग्रीला अद्ययावत म्हणायला हरकत नाही, मात्र मग वेळोवेळी नवे भाग बसवून ती आजच्या बरोबरीला आणलेली असावी.

'अत्याधुनिक' म्हणजे तंत्रात आज जे सर्वांत पुढे गेलेले आहे ते. हा शब्द जोरकस आहे, पण सगळ्यांत लवकर शिळा होतो. मिरजेच्या दवाखान्यांच्या फलकांपासून गावोगावच्या अभ्यासिकांपर्यंत तो इतका वापरला गेला आहे की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. तुमच्या बाबतीत तर व्यवहाराचीही अडचण आहे. पुढच्या हंगामात सावळजला किंवा कवठेमहांकाळला कुणी नवे यंत्र बसवले की 'जिल्ह्यातील सर्वात अत्याधुनिक' हे विधान खोटे ठरते आणि पत्रके तर छापून बसलेली. म्हणून हंगामापुरत्या जाहिरातीत 'अत्याधुनिक' चालेल, दहा वर्षे टिकणाऱ्या फलकावर तो घालू नये. माणसाला लावला तर त्यात टोमणाही येतो. 'अत्याधुनिक सूनबाई' हे कौतुक नसते. माणसासाठी पुढारलेला, सुधारलेला, नव्या विचारांचा हे शब्द आहेत. कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेल्या आगरकरांनी १८८८मध्ये काढलेल्या पत्राचे नाव 'सुधारक' होते. नव्या विचाराला तेव्हा 'सुधारणा' हाच चलनी शब्द होता.

त्याच धातूचा 'सुधारित' शब्द आपल्या भागात शेतकऱ्यांच्या तोंडी आहे आणि माझ्या मते या सगळ्या कुळात तोच सर्वांत प्रामाणिक. सुधारित म्हटले की आधीचे काहीतरी होते आणि त्यात बदल केला, एवढाच दावा होतो. को ८६०३२ ही उसाची जात घ्या. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून ती आली, फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने ती महाराष्ट्रात पुढे आणली आणि १९९६मध्ये तिची शिफारस झाली. आजही तिला सुधारित जात म्हटले तर ते खरेच आहे. 'अत्याधुनिक जात' म्हटले तर कृष्णाकाठचा कुठलाही ऊसवाला लगेच हटकेल.

राहिला 'नावीन्यपूर्ण'. त्यात कल्पनेचा नवेपणा असतो: पूर्वी कुणी असे केले नव्हते, हा अर्थ. द्राक्षबागायतदाराने स्वतःच्या डोक्याने शेडमधली जाळ्यांची रचना बदलली तर ते नावीन्यपूर्ण; त्यात एकही महागडे यंत्र नसले तरी चालेल. उलट परदेशातून आणलेले यंत्र अत्याधुनिक असेल, पण ते विकत घेण्यात नावीन्य नाही. 'अभिनव' याच अर्थाचा, जरा समारंभी: अभिनव उपक्रम, अभिनव प्रयोग. 'नूतन' तर पुरता समारंभाचाच: नूतन वास्तू, नूतन पदाधिकारी. 'नवाकोरा' म्हणजे न वापरलेला, एवढेच. गोदामात पडून राहिलेले जुन्या बनावटीचे यंत्रही नवेकोरे असू शकते. आणि दुकानात आपण जे सहज विचारतो, 'नवीन निघालेलं काय आहे?', त्यातले 'नवीन निघालेले' हे मला फार नेमके वाटते. बाजारात नुकते आले, पारखायचे अजून बाकी आहे, असा सावधपणा त्यात आपसूक येतो.

'कटिंग एज'साठी धार, अग्र असले काही जुळवायला जाऊ नका, मराठीत ते परके वाटते. तंत्राबद्दल असेल तर 'अत्याधुनिक', संशोधनाबद्दल असेल तर 'आघाडीचे संशोधन'. 'अग्रगण्य' मात्र वापरू नये. त्याचा अर्थ पहिल्यात गणला जाणारा, आणि शंभर वर्षांची जुनी पेढीसुद्धा अग्रगण्य असते. 'स्टेट ऑफ द आर्ट'ला एकच शब्द शोधत बसण्यापेक्षा 'आजमितीला उपलब्ध असलेले सर्वांत प्रगत' असे सरळ लिहावे. प्रगत हा क्षमतेचा शब्द असल्याने तो इथे नीट बसतो.

तुमच्या मथळ्यात मात्र तीनपैकी दोन शब्द काढा आणि त्या जागी यंत्र काय करते ते सांगा. रंग पाहून प्रतवारी करणाऱ्या यंत्रात घसरणीवरून पातळ थराने सुटलेला बेदाणा कॅमेऱ्यासमोरून पडतो आणि काळपट मणी दिसला की हवेचा झोत नेमका तो बाजूला उडवतो. ग्राहकाला पटते ते हे. मग मथळा असा करता येईल: 'कॅमेऱ्याने रंग ओळखून बेदाण्याची प्रतवारी. डागी मणी वेगळा, एकसारखा माल. अत्याधुनिक यंत्र, तासगाव.' हाच मजकूर कायमच्या फलकावर घालणार असाल तर 'अत्याधुनिक' गाळून फक्त 'स्वयंचलित यंत्र' लिहा.