शाळेतला बंदूकवाला ऑफिसर आणि सकाळची पोटदुखी

अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लानो, ॲलन, मकिनी हा जो पट्टा आहे, तिथल्या मराठी आईवडिलांकडून समुपदेशक म्हणून मला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, शाळेत आता बंदूकवाला ऑफिसर असतो. म्हणजे मूल सुरक्षित झालं म्हणायचं, की शाळाच धोक्याची झाली म्हणायचं?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दोन्ही वाटत असतं. सकाळी एक, रात्री दुसरं.

यावर कोरडं उत्तर देण्यापेक्षा एका कुटुंबाची हकिगत सांगते. आईच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दामच देत नाही.

मुलगा सात वर्षांचा, सेकंड ग्रेडमधला. शाळा सुरू होऊन दोनेक महिने झाले आणि सकाळी पोट दुखायला लागलं. शनिवार-रविवारी दुखत नसे. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. आईने निदान घरूनच करून आणलं होतं. "त्या ऑफिसरमुळे होतंय. कमरेला पिस्तूल बघून पोर घाबरतं. एलिमेंटरी शाळेत कशाला हवं हे सगळं?" वडील शेजारीच बसले होते. त्यांचं मत बरोबर उलट. त्यांनी कायदाच छापून आणला होता, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या हायलायटरने रंगवून. इंजिनियर लोक समुपदेशनालाही तयारी करून येतात.

तो कायदा म्हणजे टेक्ससचं 'हाउस बिल ३'. २४ मे २०२२ रोजी युवाल्डी गावातल्या रॉब एलिमेंटरी शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने हा कायदा केला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून तो लागू झाला. प्रत्येक सरकारी शाळेत, शाळेच्या वेळात, किमान एक सशस्त्र सुरक्षा अधिकारी हवाच. पैसा किंवा माणूस मिळत नसेल तर स्कूल बोर्डाने तसा ठराव करून दुसरी सोय करायची: प्रशिक्षण घेतलेला 'स्कूल मार्शल', किंवा बंदूक बाळगायची परवानगी असलेला आणि सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी. सरकारने त्यासाठी सुरुवातीला दिले प्रत्येक शाळेमागे वर्षाला १५,००० डॉलर आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे १० डॉलर. एवढ्यात एका पोलिसाचा वर्षाचा पगारही निघत नव्हता. त्यामुळे कित्येक स्कूल डिस्ट्रिक्टांनी (त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांनी) सवलतीचाच रस्ता धरला.

"म्हणजे वर्गातल्या बाईंकडेही बंदूक असू शकते?" आईने विचारलं. असू शकते. स्कूल मार्शलची तरतूद इथे २०१३ पासून आहे. त्याचं प्रशिक्षण ८० तासांचं असतं आणि मार्शल कोण आहे हे गुप्त ठेवतात. आपल्या डिस्ट्रिक्टने ऑफिसर नेमलाय की ही दुसरी सोय केली आहे, हे पालक विचारू शकतात. नाव मात्र कुणी सांगणार नाही. माहिती अर्धीच मिळते आणि उरलेला अर्धा भाग मन स्वतःहून भरतं, सहसा वाईटच काहीतरी घालून.

आईवडिलांचा हा वाद माझ्याकडे पहिल्यांदा झालेला नव्हता. रात्री जेवताना रोज व्हायचा. वडील म्हणायचे, कुणीतरी उभं असलेलं बरं. आई म्हणायची, युवाल्डीत काय पोलीस कमी होते? तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. त्या डिस्ट्रिक्टचं स्वतःचं पोलीस खातं होतं. त्या दिवशी निरनिराळ्या खात्यांचे मिळून ३७६ जण तिथे पोचले आणि तरी हल्लेखोरापर्यंत जायला ७७ मिनिटं लागली. त्याआधी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, तेव्हा तिथेही सशस्त्र डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या खात्यातला पोलीस, होता. तो इमारतीबाहेरच थांबला.

आणि मुलगा? तो वरणभात कालवत सगळं ऐकत असायचा. "त्याला मराठी एवढं कळत नाही हो," असं दोघांचंही म्हणणं. बोलता येत नसलं तरी कळतं. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांबद्दल ही एक गोष्ट मी सगळ्याच पालकांना सांगते.

मुलाशी एकटीने बोलले तेव्हा ऑफिसरबद्दल विचारलं नाही. शाळेचं चित्र काढ म्हटलं. त्याने वर्ग काढला, कोपऱ्यात दाटीने बसलेली मुलं काढली आणि दार काढलं. दाराचं हँडल मुलांच्या डोक्यांपेक्षा मोठं. "हे हलतं," तो म्हणाला. कोण हलवतं? "ऑफिसर." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लॉकडाउन ड्रिल, म्हणजे शाळेत हल्लेखोर शिरला तर लपायचा सराव, झालं होतं. टेक्ससच्या शाळांत हे वर्षातून किमान दोनदा होतं: दिवे बंद, दाराला कुलूप, मुलं दारातून दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात, आवाज अजिबात नाही. सगळे गप्प बसले की कुणीतरी बाहेरून फिरून दारं खरंच बंद आहेत ना, हे हँडल हलवून बघतं. त्या दिवशी ते ऑफिसरने केलं. आणि नेमका त्याच क्षणी याला खोकला आला.

त्याने तो दाबला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दाबला. शेजारच्या मुलीने तोंडावर बोट ठेवून डोळे वटारले. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: खऱ्या वेळी मला खोकला आला तर सगळा वर्ग माझ्यामुळे सापडेल.

पिस्तुलाचा त्यात संबंधच नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "त्याच्याकडे फ्लॅशलाइट पण आहे." पिस्तूल आणि फ्लॅशलाइट त्याच्या लेखी सारखेच.

मग आईच्या भीतीचं काय? तीही ऑफिसरपासून सुरू झाली नव्हती. ६ मे २०२३ ला, शनिवारी, ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला आणि आठ माणसं गेली. त्यात हैदराबादहून आलेली एक तरुण इंजिनियर होती. आई आदल्याच आठवड्यात तिथून मुलासाठी सँडल घेऊन आली होती. त्यानंतर दुकानात शिरल्यावर तिची नजर आधी बाहेरचं दार शोधायची. मुलाच्या मनगटावर लोकेशन दाखवणारं घड्याळ आलं. दुपारी ऑफिसातून ती नकाशावरचा ठिपका बघायची. शाळेत गणवेशातला पोलीस दिसायला लागला, आणि इतके दिवस नाव नसलेल्या भीतीला चेहरा मिळाला. वडिलांची गोष्ट निराळीच. या देशात मुलांना आणण्याचा निर्णय त्यांचा होता. ऑफिसरने काही होत नाही असं मान्य केलं, तर पुढचा प्रश्न तोच येणार: मग पुण्याला परत का जात नाही? थोडक्यात, तो ऑफिसर म्हणजे घरातल्या प्रत्येकाने आपापली भीती टांगायची खुंटी झाला होता.

म्हणून कुणी विचारलं की ऑफिसर असणं चांगलं की वाईट, तर मी आधी विचारते, घरात नेमकं कोण घाबरलंय आणि कशाला. कायद्यावर वाद घालणं त्याच्यापेक्षा सोपं असतं. मलाही मत आहे, ते लपवत नाही. १९८० ते २०१९ मधल्या शाळांतल्या १३३ घटनांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सशस्त्र रक्षक हजर असल्यामुळे जीवितहानी कमी झाली, असं त्यात दिसलं नाही. दुसऱ्या एका अभ्यासात पोलीस नेमलेल्या शाळांत मारामाऱ्यांसारखे काही प्रकार कमी झाले, पण मुलांना निलंबित करण्याचं आणि अटकेचं प्रमाण वाढलं. काळ्या मुलांच्या बाबतीत जास्त. तेव्हा ऑफिसर आला, आता चिंता मिटली, असं मी कुणाला सांगत नाही. पण म्हणून त्याच्यामुळे मूल धोक्यात आलं, असंही नाही.

आता काय केलं ते. सर्वात आधी आईचं रोजचं एक वाक्य थांबवलं. गाडीतून उतरताना ती म्हणायची, "घाबरू नकोस हं, ऑफिसर आहेत ना!" धीर द्यायचा म्हणूनच म्हणायची बिचारी. पण मूल ते कसं ऐकतं बघा: आई रोज घाबरू नकोस म्हणते, त्या अर्थी घाबरण्यासारखं काहीतरी आहे. त्याऐवजी "डब्यातली काकडी खा, परत आणू नकोस," एवढंच बोलायचं ठरलं. नकाशावरचा ठिपका दुपारी न बघायचं ठरलं, आणि हे तिला सर्वात जड गेलं. जेवणाच्या टेबलावर कायद्याची चर्चा बंद. करायचीच तर पोरगं झोपल्यावर.

मग शाळा. आईने शाळेच्या काउन्सेलरला आणि वर्गशिक्षिकेला ईमेल लिहिली. तक्रारीचा सूर नव्हता. ड्रिलमध्ये खोकला येईल ही भीती, एवढंच लिहिलं. शिक्षिकेने त्याला स्वतः सांगितलं की खोकला आला तर खोकायचं, तोंड बाहीत घालायचं, तुझ्यामुळे कुणालाही काही होणार नाही, मुलांना जपणं मोठ्यांचं काम आहे. हे आईने सांगून भागलं नसतं, कारण गप्प बसायचा नियम शिक्षिकेचा होता. आजी तेव्हा नाशिकहून आल्या होत्या. त्यांनी खिशात ठेवायला खडीसाखर दिली. ती शाळेच्या नियमात बसेना, मग पाण्याची बाटली जवळ ठेवायचं ठरलं. आजींचं म्हणणं, "आमच्या शाळेत एक शिपाई होता. घंटा वाजवायचा, आणि उशीर झाला तर फाटकातून गुपचूप आत सोडायचा." नातवाला ती गोष्ट फार आवडली. इथला ऑफिसरही उशीर झाला तर सोडतो का, हा त्याचा पुढचा प्रश्न.

तो त्याने थेट ऑफिसरलाच विचारला. शाळेच्या काउन्सेलरने एका सकाळी भेट घडवून आणली होती. हँडल का हलवतोस, हेही विचारलं. "कुलूप लागलंय ना बघतो. लागलेलं असलं की मला बरं वाटतं," असं उत्तर मिळालं. मोठा माणूस 'मला बरं वाटतं' म्हणतो, याचं मुलाला अप्रूप वाटलं.

यात कायद्यातल्या दोन गोष्टी पालकांना उपयोगी पडतात. एक म्हणजे, टेक्ससमध्ये २०१९ पासून शाळेतल्या पोलिसाला मुलांच्या रोजच्या शिस्तीचं काम देता येत नाही. गृहपाठ केला नाही, वर्गात बडबड केली, म्हणून ऑफिसरकडे पाठवायचं नाही. आपल्यातल्या काही आया "मस्ती केलीस तर पोलिसकाकांना सांगेन" म्हणतात. इथे ते म्हणू नका, कारण ते काका खरोखरच शाळेत उभे आहेत. दुसरी, ड्रिल वेगळं आणि हल्ल्याचा देखावा करून घेतलेला सराव वेगळा. अशा सरावाआधी पालकांना कळवणं आणि तो मुलांच्या वयाला झेपेल असा ठेवणं, २०२१ च्या कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे. तुमच्या शाळेत कोणता होणार आहे, हे विचारून घ्या.

वडिलांचा प्रश्न शेवटी आला, आणि तो मुलगा मोठा झाल्यावरचा होता. २०१५ मध्ये इथल्याच आयर्विंगमध्ये १४ वर्षांच्या एका मुलाने घरी बनवलेलं घड्याळ शाळेत नेलं, ते बॉम्बसारखं वाटलं आणि त्याला बेड्या पडल्या होत्या. "आपली पोरं सावळी. उद्या यानेही काही बनवून नेलं तर?" ऑफिसरच्या बाजूने बोलणाऱ्या बापाच्या पोटात हे होतं, आणि बायकोला त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. तिने ते ऐकलं आणि त्या दोघांमधला वाद त्यानंतर बराच निवळला. मुलगा मिडल स्कूलला गेला की त्याला काय सांगायचं, हे तेव्हा पुन्हा भेटून ठरवू, असं बोलणं झालं.

एक काम मी दोघांना दिलं होतं. शाळांतल्या हल्ल्यांचा अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने) जो अभ्यास केला, त्यात बंदूक वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती स्वतःच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातूनच मिळालेली होती. शाळेतला ऑफिसर कोण हे आपण ठरवू शकत नाही, पण मूल कुणाच्या घरी खेळायला जातं हे ठरवू शकतो. तेव्हा प्लेडेटच्या आधी विचारायचं: घरात बंदूक आहे का, आणि कुलपात आहे का. आपल्या लोकांना हे फार अवघड जातं. भोचकपणा वाटतो. आईने शब्द ठरवून घेतले, घरी म्हणून बघितले, आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीच्या प्रश्नाला जोडून तो विचारला.

एका घराने सांगितलं, दोन आहेत, तिजोरीत असतात, आणि विचारलंत ते बरं केलंत. दुसऱ्या घरी पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये होती. त्या घरचा मुलगा आता यांच्याकडे खेळायला येतो. पोट अजून दुखतं मधूनमधून, बहुतेक सोमवारी.