बेल्ट उजवीकडेच पळतोय

प्रश्न : काका, मी 24 वर्षांचा, आयटीआय फिटर. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हा माझा दुसरा सीझन. बॉयलरकडे बगॅस (उसाचा चोथा) नेणारा बेल्ट माझ्याकडे आहे. ऑफ-सीझनला सगळे रोलर काढून बघितले, तरी बेल्ट उजवीकडे पळतो आणि कड स्ट्रक्चरला घासते. रोज टेल ड्रमचा, म्हणजे बेल्टच्या मागच्या टोकाच्या ड्रमचा, उजवा बोल्ट एखादा आटा ताणतो. दोन तास बरं चालतं, परत तेच. आणि ग्रीसिंगला बेल्ट कुणी थांबवू देत नाही. चालू बेल्टवर ग्रीस मारलं तर चालेल का?

उत्तर : आधी ग्रीसचं सांगतो. नाही चालणार.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी हेच केलं होतं. सेकंड शिफ्ट, टेल ड्रमजवळ वाकून ग्रीस गन लावत होतो आणि शर्टाची बाही बेल्ट आणि ड्रमच्या मध्ये गेली. शर्ट जुना, विरलेला होता म्हणून खांद्यापासून फाटला आणि हात राहिला. दिवाळीचा नवा घातला असता तर आज हे उत्तर मी डाव्या हाताने लिहीत असतो. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 22 मध्येसुद्धा चालू यंत्राजवळच्या अशा कामाला घट्ट कपड्यांची, खास प्रशिक्षणाची अट घातलेली होती, ती उगीच नव्हे. तू एक कर. ड्रमच्या बेअरिंगची ग्रीसची नळी गार्डच्या बाहेर काढून घे, म्हणजे आत हात घालावाच लागणार नाही. बाकी काम ‘नो केन’ पडला, म्हणजे ऊस नाही म्हणून कारखाना थांबला की, नाहीतर क्लीनिंगच्या दिवशी. ब्रेकर पाडायचा, कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. ‘मी सांगून आलोय’ याला कुलूप म्हणत नाहीत. आणि ग्रीस बेतानं मार, ठासून भरलेलं बेअरिंगही तापतं.

आता बेल्ट. ऑफ-सीझनला रोलर तपासलेस ते चांगलंच केलंस, पण तेव्हा बेल्ट रिकामा आणि बंद होता. दोष चालताना दिसतो. बेल्ट बंद असताना जॉइंटजवळ खडूने ठळक रेघ मार. मग चालू करून गार्डच्या बाहेर उभा राहा आणि चार-पाच फेरे नुसतं बघ. आमचा बेल्ट 110 मीटरचा, एका फेऱ्याला अडीचेक मिनिटं लागायची. एवढा वेळ नुसतं उभं राहायचं म्हणजे साहेबांना वाटतं माणूस रिकामा आहे. वाटू दे.

बेल्टचा एकच तुकडा जिथे जाईल तिथे बाहेर पळत असेल, तर जॉइंट तिरका आहे किंवा बेल्टच वाकडा आहे. ड्रम ताणून ते सुधारत नाही. सगळा बेल्ट ठरावीक एका जागी बाहेर जात असेल, तर दोष तिथल्या किंवा त्याच्या अलीकडच्या रोलरमध्ये शोध. रिकामा सरळ आणि भरला की तिरका, असं असेल तर चुटमधून, म्हणजे बेल्टवर माल सोडणाऱ्या घसरगुंडीतून, माल एका अंगाला पडतोय.

‘दोन तास बरं चालतं’ असं लिहिलंयस, म्हणून माझा संशय खालच्या रिटर्न रोलरवर, म्हणजे परत येणारा रिकामा बेल्ट पेलणाऱ्या रोलरवर आहे. बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं, वर थोडी साखर. ते रोलरच्या एका टोकाला थर धरतं. आम्ही एकदा आठ दिवस टेल ताणत बसलो होतो. शेवटी एक म्हातारा हेल्पर आडवा पडून खाली बघून आला आणि म्हणाला, ‘साहेब, रोलर न्हाई, गाजर झालंय.’ एका टोकाला बोटभर जाडीचा, खरवडला तरी निघेना असा थर होता. तो काढला, बेल्ट खरवडून साफ करणाऱ्या स्क्रॅपरचं झिजलेलं रबर बदललं आणि बेल्ट गपगुमान मधोमध आला.

थर नसेल आणि रोलर तिरका बसला असेल, तर बेल्टची जी कड रोलरला आधी भिडते त्या बाजूला बेल्ट सरकतो, हे ध्यानात ठेव. म्हणजे उजवीकडे पळणाऱ्या बेल्टला रोलरचं उजवं टोक चालीच्या दिशेने किंचित पुढे द्यायचं. एकाच रोलरला भरपूर नको, दोन-तीन रोलरना थोडं थोडं दे. तेही बंद करूनच. मग दोन-तीन फेरे होऊ दे आणि मगच पुन्हा पान्याला हात लाव.

रोजच्या फेरीत डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाचा. किरकिरणारा रोलर अजून जिवंत असतो. गप्प झालेला, न फिरणारा रोलर वाईट. बेल्ट त्यावर घासून रोलरचा पत्रा ब्लेडसारखा धारदार होतो, आणि सुक्या बगॅसमध्ये तो तापला तर आग लागते. असा दिसला की स्ट्रक्चरवर खडूने फुली मारायची आणि पहिल्या थांब्याला बदलायचा. पुलकॉर्ड (अडचणीत बेल्ट थांबवायची दोरी) ओढून बेल्ट खरंच थांबतो का, हेही आठवड्यातून एकदा बघ. आमच्याकडे एकदा दोरीच जागेवर नव्हती, कुणी तरी धोतर वाळत घालायला नेली होती.

आणि आतापर्यंत उजवा बोल्ट एकूण किती आटे ताणलास, ते आठवून वहीत लिहून ठेव. दोष सापडला की तेवढेच आटे परत सोडावे लागतील, नाहीतर बेल्ट डावीकडे पळेल आणि तू पुन्हा पत्र लिहिशील.