गाडी तापते कधी, ते आधी सांग

भावा, ‘गाडी तापतेय, टर्बो गेला का?’ असं विचारलंस. तापमानाचा काटा वर गेला म्हणजे लगेच टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) गेला असं नसतं. आधी एवढंच बघ, तापते कधी? दसरा चौकात सिग्नलला तापून हायवेला गार होत असेल, तर फॅन, त्याचा रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) नाहीतर फ्यूज. करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना तापत असेल, तर रेडिएटर, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंट रेडिएटरकडं सोडणारी झडप) किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी.

टर्बो गाडीत इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) बऱ्याचदा रेडिएटरच्या पुढं असतो. त्या दोघांच्या फटीत उसाचं पाचट नि चिखल बसतो, वरनं सगळं चकाचक दिसतं. गळीत हंगामानंतर माझ्या गाडीतनं मूठभर निघालं. त्याआधी थर्मोस्टॅट उगाच बदलून बसलो होतो!

नवीन माणसं हमखास चुकतात ते:
- गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडणं. हात भाजतोच.
- नुसतं नळाचं पाणी ओतणं. कंपनी सांगते तेच कूलंट. घट्ट (कॉन्सन्ट्रेट) असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं.
- ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकणं.

काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर फुल, गाडी कडेला. लाल पट्ट्यात गेला तर इंजिन बंदच कर.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक नि हेड यांच्यामधलं सील, त्याचं नंतर बघू. आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनावर कूलंटची पातळी बघ, उतरत असेल तर कळव.