खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कमध्ये नायट्रो रोलर कोस्टरची लांब लाइन कशी टाळायची?

गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि आत शिरल्या शिरल्या कुठेही न थांबता सरळ नायट्रो गाठा, तिथून लगेच डीप स्पेस हा कोस्टर. खोपोलीला तीन-चारदा जाऊन आलोय म्हणून सांगतो, होतं असं की मुंबई-पुण्याच्या बसेस आल्या की पब्लिक आधी नाश्ता, फोटो आणि गेटजवळ जी पहिली राइड दिसेल तिच्यात अडकतं, त्यामुळे पहिल्या तासात मोठे कोस्टर बऱ्यापैकी रिकामे मिळतात, आणि दुपारी तिथेच पाय दुखेपर्यंत उभं राहावं लागतं. मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया हे आतले एसीवाले प्रकार भर उन्हासाठी ठेवा, एका खेपेला बरीच माणसं आत घेतात म्हणून लाइन मोठी दिसली तरी सरकते.

अजून दोन गोष्टी:
- जेवण बारालाच उरका, दीड वाजता सगळे जेवायला बसले की राइडवर जा.
- राजासॉरस ही पाण्याची राइड शेवटी करा, ओली जीन्स घालून लाइनीत उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे (आणि सॅक घरीच ठेवा, लॉकरपाशी उगाच वेळ जातो).

फक्त हे सगळं साध्या वीकडेला चालतं. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली वीकडेलाच येतात, आणि दिवाळी किंवा लाँग वीकेंडला जाणार असाल तर मोठी लाइन टाळायला एक्सप्रेस पास घेतलेला बरा, महाग वाटतो पण तेव्हा दुसरा इलाज नाही.