मृत्युपत्र मावशींचं, वकीलही मावशींचाच हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावशी ७४ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. ठाण्यात स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट, काही एफडी आणि चिपळूणकडे माहेरच्या जमिनीत हिस्सा. सगळं तुम्हाला, म्हणजे भाचीला, द्यायची त्यांची इच्छा आहे. सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी तुम्हीच आहात, मग मृत्युपत्र लागतं का? आणि लागत असेल तर वकील गाठायचा, की नेटवरचा नमुना स्टॅम्पपेपरवर टाइप करून तुम्हीच त्यांची सही घ्यायची?

लागतं. आणि मावशींच्या बाबतीत तर फारच लागतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम १५ बघा. मृत्युपत्र न करता हिंदू स्त्री वारली तर तिची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर. म्हणजे मावशींचा कष्टाचा फ्लॅट आणि एफडी दीर-नणंदांकडे किंवा त्यांच्या मुलांकडे जाणार. आईवडिलांकडून आलेली जमीन मात्र माहेरी परतते. भाची कितीही करत असली तरी फ्लॅटच्या रांगेत ती सासरच्या सगळ्यांच्या मागे.

सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा एक निकाल आहे. लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. बाई माहेरी राहून शिकल्या, नोकरी केली आणि मृत्युपत्र न करता वारल्या. आयुष्यभराची कमाई आईला न मिळता नणंदेच्या मुलांना मिळाली. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कलमाचा विषय पुन्हा तिथे गेला, तेव्हा न्यायालयाने स्त्रियांनी मृत्युपत्र करून ठेवावं असं आवाहनच केलं.

नॉमिनीचं म्हणाल, तर मी आमच्या सोसायटीचं सचिवपद बरीच वर्षं सांभाळलंय आणि निम्मी भांडणं या एका शब्दावरून बघितली आहेत. नॉमिनी म्हणजे सोसायटीने किंवा बँकेने तूर्त कोणाशी व्यवहार करायचा तो माणूस. मालक ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने. शेअर्सबाबतही डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. नॉमिनेशन राहू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आता मुद्द्याचं. मृत्युपत्र लिहिणं अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणीही ऐच्छिक. मावशींची सही आणि दोन साक्षीदार एवढंच कायदा मागतो. अवघड असतं ते मागाहून सिद्ध करणं, आणि तुमची योजना नेमकी तिथेच मार खाते. ज्याला सगळं मिळणार तोच मजकूर आणतो, तोच टाइप करतो, तोच सहीला बोट दाखवतो, हे कोर्टाच्या नजरेत संशयाचं कारण ठरतं. मग संशय दूर करायची जबाबदारी तुमच्यावर. एखादा दीर हरकत घेऊन उभा राहिला की त्याच्या वकिलाचा पहिला प्रश्न हाच असेल, कागद कोणी आणला?

म्हणून वकील बघाच, पण तो मावशींचा. फोन त्यांनी करावा, फी त्यांच्या खात्यातून जावी, आणि वकील त्यांच्याशी दार लावून एकट्याने बोलेल हे बघा. तुम्ही रिक्षा करून न्या आणि खाली चहा पीत बसा. चांगला वकील स्वतःच तुम्हाला बाहेर बसायला सांगतो. जो पहिल्या भेटीत तुमच्याकडे बघून "काय काय लिहायचं?" विचारतो, त्याला नमस्कार करून निघा. नुसते मसुदे करणाऱ्यापेक्षा हरकत घेतलेलं प्रोबेटचं (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून शिक्कामोर्तब करून घेण्याचं) प्रकरण कोर्टात चालवलेला माणूस बरा, कारण मृत्युपत्र कुठे फाटतं ते त्याने पाहिलेलं असतं. सीए करबिर सांगेल, मसुदा त्याच्याकडून नको. ऑनलाइन सेवा एक फ्लॅट, एक मुलगा अशा सरळ घरांना ठीक आहेत.

मसुद्यात दोन गोष्टी नमुन्यांतून हमखास सुटतात. तुम्ही मावशींच्या आधी गेलात तर काय? तुम्ही त्यांचं अपत्य नसल्याने तुमचा वाटा आपोआप तुमच्या मुलांना जात नाही, ती देणगी रद्द होते आणि दुसरं नाव नसेल तर गाडी परत सासरच्या वारसांकडे. तेव्हा पर्यायी नाव हवंच. दुसरं, "याखेरीज माझी जी काही मालमत्ता निघेल ती" अशा अर्थाचं एक वाक्य. उद्या त्या एखादी नवी एफडी करतील, ती उघड्यावर पडू नये. सासरच्यांना का दिलं नाही, याचं एक शांत वाक्यही असावं. उणीदुणी नकोत.

साक्षीदार मावशींपेक्षा तरुण घ्या. पुढे निदान एकाला कोर्टात उभं राहून "माझ्यासमोर सही केली" म्हणावं लागतं. तुम्ही नको, तुमचे यजमान नकोत. फॅमिली डॉक्टर उत्तम, त्याच दिवशी मानसिक स्थितीचं सर्टिफिकेटही द्यायला सांगा. सही प्रत्येक पानावर, खाडाखोड असेल तिथे बाजूला छोटी सही. नुसता नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही, हे लोकांना पटतच नाही.

नोंदणी ऐच्छिक असली तरी करून टाका. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठा होतो, त्या स्वतः चालत आल्या होत्या हे कागदावर राहतं. प्रकृतीमुळे जाता येत नसेल तर अधिकाऱ्याला घरी बोलावण्याची सोय कायद्यात आहे. प्रोबेटची सक्ती ठाण्यातल्या मालमत्तेला तशीही नव्हती. मुंबई शहराला होती, ते भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने काढून टाकलं. पण हरकत आली की सोसायटी हात वर करते आणि "कोर्टातून आणा" म्हणते, ते चालूच राहणार. मूळ प्रत मावशींच्या एकटीच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर उघडायलाच कागद लागतील.

कोणी बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच घर तुमच्या नावावर करून देणारा दस्त, सुचवेल, "२०० रुपयांच्या स्टॅम्प ड्युटीत होतं" म्हणून. ती सवलत नवरा-बायको, मुलं, नातवंडं अशा ठरावीक नात्यांना आहे, भाचीला नाही. शिवाय बक्षीसपत्र झालं की घर त्याच दिवशी मावशींच्या हातून गेलं. मृत्युपत्र त्या हवं तितक्या वेळा बदलू शकतात. या वयात डोक्यावरचं छप्पर स्वतःच्या नावावर असलेलंच बरं, तुमच्याबद्दल शंका नाही तरीही.

राहिली चिपळूणची जमीन, आणि खरं तर वकिलाची फी तिथेच वसूल होईल. शेतजमीन असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल तर मृत्युपत्राने ती तुमच्या नावावर होण्यात अडचण आहे. २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने शेतजमीन देता येत नाही असं ठरवलं, आणि शेतजमीन कोणाला घेता येते हे ठरवणारा आपला कूळकायदा त्याच घराण्यातला. आधी सातबारा काढा. मावशींचं नाव लागलंय, की अजून आजोबांचंच आहे? तुमच्या स्वतःच्या नावावर कुठे शेती आहे का, तेही इथे लिहा, मग त्याबद्दल पुढचं सांगता येईल.